मैदानाला दिवे लावण्याआधी

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २९ डिसेंबर २०२४ रोजी केलेलं भाषण)

आदरणीय सर आणि बाई, ज्यांचा आत्ताच आपण सत्कार केला ते आपले मामा, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘शाळेसाठी आपण काय करू शकतो’. जेवणानंतरच्या बैठकीत आपण जमलेल्या ११ लाखांचं काय करायचं ते ठरवणार आहोत. गटावर गेले दोन महिने चर्चा चालू आहे. बहुतेकांचं मत असं दिसतंय, की शाळेमागच्या मैदानावर दोन हायमास्ट दिवे लावावेत, कडेने खुल्या व्यायामशाळेची यंत्रं बसवावीत आणि आपल्या तुकडीच्या नावाची फरशी लावावी. या कल्पनेला माझा विरोध नाही. दिवे मलाही हवे आहेत. पण ते लावण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा आणि तो बैठकीच्या विषयपत्रिकेवर नाही. मैदान राखणाऱ्या माणसाच्या पगाराचा तो प्रश्न आहे.

आधी मैदान कोणाचं ते सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते शाळेचं वाटतं. ते नगरपालिकेचं आहे. शाळा ते वापरते, एवढंच. आपल्या वेळी मामा नगरपालिकेतच रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले आणि निवृत्त झाले. आज त्यांना पेन्शन आहे, म्हणून ते निवांतपणे पहिल्या रांगेत बसलेत. आपल्याला ते शाळेचेच वाटायचे, कारण पीटीच्या सरांनी हाक मारली की ते फक्कीची बादली घेऊन हजर असायचे.

मामांनंतर मैदानावर दोन माणसं आली आणि गेली. आता तिसरा मुलगा आहे, तिशीतला. तो आज इथे नाही. त्याला मी बोलावलं होतं. तो म्हणाला, ‘ताई, खाडा पडला तर पैसे कापतात.’ आज रविवार आहे आणि मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा चालू आहे. आवाज येतोय ना, तोच.

हिवाळ्यात मैदानावर किती काम असतं, हे आपण खेळत होतो तेव्हा आपल्याला दिसलं नाही. दिवाळी संपली की गाव मैदानावर येतं. पहाटे साडेपाचला फिरायला येणारे, त्यांच्या मागोमाग पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, मग शाळांचे क्रीडासप्ताह, संध्याकाळी खो-खो आणि कबड्डी, शनिवार-रविवार कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक. पावसाळ्यात वाढलेलं गवत काढायचं, उखडलेली माती सारखी करायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, फक्कीच्या रेषा आखायच्या, फाटक उघडायचं, लावायचं. संक्रांत जवळ आली की आणखी एक काम वाढतं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी आपल्या जिल्ह्यात जानेवारीत झाडांवर आणि तारांवर तो लटकत असतोच. पक्षी अडकायच्या आत, पोरांचे गळे कापायच्या आत लांब बांबूने तो ओढून काढणारा माणूस हाच.

पुढच्या महिन्यात १३ तारखेपासून दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आहे. आपल्या बाजूच्या मुली आता मॅटवर खेळतात. पण त्या तयार होतात त्या मातीवर, आणि त्या मातीतले खिळे वेचायला कुणीतरी लागतं. खिळे म्हणजे मी खरोखरचे खिळे म्हणतेय. हिवाळ्यात मैदान प्रदर्शनांना, आनंदमेळ्यांना भाड्याने दिलं जातं. मांडव उतरला की खड्डे आणि खिळे मागे राहतात.

म्हणजे हिवाळ्यात मैदानाला सगळ्यात जास्त काम आहे आणि मैदान सगळ्यात जास्त पैसेही याच दिवसांत मिळवतं. आणि याच दिवसांत मैदान राखणाऱ्याचा पगार थकतो. या वर्षी त्याचा सप्टेंबरचा पगार नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, म्हणजे दिवाळी होऊन गेल्यावर. हे मी त्याच्या पासबुकात पाहिलंय. त्याला पगाराची चिठ्ठी मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापतात असं तो सांगतो, पण खातं क्रमांक त्याला माहीत नाही.

असं का होतं, ते मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. यात कुणी एक खलनायक नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षं चालतं.

नगरपालिकेत माणसं तीन-चार प्रकारची असतात. आकृतिबंधातल्या मंजूर पदावरची, म्हणजे कायम. मग रोजंदारीवरची. काही मानधनावरची. आणि आता बहुतेक ठिकाणी ठेकेदारामार्फत घेतलेली. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. त्यानंतर कायम कर्मचाऱ्यांचे पगार बऱ्याच अंशी राज्याच्या सहायक अनुदानावर चालतात. ठेक्यावरच्या माणसाचं बिल मात्र नगरपालिकेच्या स्वतःच्या फंडातून निघतं, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं यांतून. आपण सगळे पट्टी कधी भरतो? मार्चमध्ये, रिक्षातून भोंगा फिरायला लागला की. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फंडात खडखडाट असतो. ठेकेदार म्हणतो, माझं बिल निघालं नाही. लेखा विभाग म्हणतो, वसुली नाही. त्या दोघांच्या मध्ये जो उभा असतो, त्याच्या घरी किराण्याची वही वाढत जाते.

कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. वेतन प्रदान कायदा १९३६ चा आहे. हजारापेक्षा कमी माणसं असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांत, जास्त असतील तर दहा दिवसांत पगार झाला पाहिजे. किमान वेतन कायदा १९४८ चा, आणि त्याच्या अनुसूचीत स्थानिक संस्थेतली नोकरी स्पष्टपणे आहे. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. ज्या ठेक्यांना तो लागू होतो, तिथे ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मुख्य मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, असं कलम २१ सांगतं. ‘बिल निघालं नाही’ हे कारण या कायद्यांत कुठेच नाही.

आता मैदान या शब्दाकडे येऊ. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यात नगरपालिकेची कामं दोन भागांत आहेत, बंधनकारक आणि स्वेच्छेची. दिवाबत्ती, साफसफाई ही बंधनकारक. बागा-उद्यानं राखणं दुसऱ्या भागात. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ कामांची यादी आहे. त्यात बाराव्या क्रमांकावर उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं आहेत. म्हणजे घटनेच्या यादीत मैदान आहे, पण पैसे अपुरे पडले की कात्री आधी स्वेच्छेच्या कामाला लागते. गटाराचा माणूस कमी केला तर दोन दिवसांत बोंब होते. मैदानाचा माणूस कमी केला तर कुणाच्या लक्षात यायला दोन वर्षं जातात.

माझ्या कामातही हेच बघते, म्हणून कदाचित मला ते लवकर दिसलं. मी पंचवीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. नवी प्रणाली सुरू झाली की केक कापतात, फोटो काढतात. ती रात्री अडीचला बंद पडली की जो उठून चालू करतो, त्याचा फोटो नसतो. आणि तो बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर असतो. शेजारच्याच टेबलावर बसतो, तेच काम करतो, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी वेगळ्या रंगाची असते. पट्टीच्या रंगावरून पगार, सुट्टी आणि विमा ठरतो. तिथे निदान सगळे शिकलेले आहेत, दुसरी नोकरी शोधू शकतात. मैदानावरच्या मुलाला तेवढं सोपं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी, पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात, तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचं तत्त्व लागू होतं असं सांगितलं. त्याआधी १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल होता. मागल्या दाराने नेमलेल्यांना कायम करता येणार नाही, असं तो सांगतो. तो निकाल पुढे करून अनेक कार्यालयांनी वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही हात वर केले. आणि आता नऊ दिवसांपूर्वी, २० डिसेंबरला, जग्गो विरुद्ध भारत सरकार हा निकाल आला. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या बायका आणि बागकाम करणारा एक माणूस, असे हे लोक. वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१८ मध्ये एका दिवसात काढले गेले. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या पीठाने त्यांना परत घ्यायला आणि कायम करायला सांगितलं. जे काम कायम लागणारं आहे, त्याला नाव ‘तात्पुरतं’ दिल्याने ते तात्पुरतं होत नाही, असा त्याचा आशय आहे. ती माणसं आयोगाने थेट नेमलेली होती, ठेकेदाराची नव्हती. त्यामुळे तो निकाल आपल्या मैदानाला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे. त्यांना न्याय मिळाला, कारण त्यांनी किती वर्षं, कोणतं काम केलं हे दाखवता आलं. नोंद होती.

हे मी का सांगतेय? कारण गटावर आपल्यातल्या काही जणांनी मनापासून एक सूचना केली आहे. आपण ४२ जण आहोत, प्रत्येकाने महिन्याला ५०० रुपये काढले तर २१ हजार होतात, आपणच त्या मुलाला पगार देऊ. सूचना चांगल्या मनाने आली आहे, पण माझी विनंती आहे की हे करू नये. पहिल्या वर्षी ४२ जण पैसे देतील, तिसऱ्या वर्षी २५, पाचव्या वर्षी कोषाध्यक्ष एकटा फोन करत बसेल. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. आपण पगार द्यायला लागलो त्या दिवशी नगरपालिकेच्या कागदावरून त्याचं नाव जाईल. मैदान राखणं ही आपली जबाबदारी आहे हे ती विसरेल. दहा वर्षांनी तो मुलगा कोर्टात किंवा कामगार आयुक्तांकडे गेला, तर दाखवायला त्याच्याकडे काय असेल? माजी विद्यार्थ्यांची पैसे पाठवल्याची यादी. त्याला आपल्या उपकाराची गरज नाही. त्याला नोंद हवी आणि वेळेवर पगार हवा.

दुसरी बाजूही ऐकली आहे. ‘आपण पगाराबिगारात कशाला पडायचं, राजकारण होईल, दिवे देऊन मोकळे होऊ.’ मित्रहो, दिवे देऊन मोकळं होता येत नाही. दिवे लागले की मैदान रात्री दहापर्यंत चालू राहणार. फाटक दहाला लावणार कोण? तोच, जो पहाटे साडेपाचला उघडतो. म्हणजे आपल्या देणगीने त्याचं काम रोज तीन-चार तासांनी वाढणार, आणि पगार तोच, तोही दोन महिन्यांनी. व्यायामशाळेची यंत्रं वर्षभरात खिळखिळी झालेली आपण किती गावांत पाहिलीत? देणाऱ्याच्या नावाची फरशी तेवढी शाबूत असते.

म्हणून मी बैठकीत चार गोष्टींचा ठराव मांडणार आहे.

पहिली. ११ लाखांतले साधारण अर्धे पैसे खर्च करू. आधी एकच खांब. बाकी साडेपाच लाख ठेवीत ठेवू. सात टक्क्यांनी वर्षाला ३८ हजार ५०० येतात. त्यातून दिव्यांची दुरुस्ती, फक्की, रोलरचा खर्च निघेल. व्यायामशाळेची यंत्रं पुढच्या वर्षी बघू.

दुसरी. पैसे देण्याआधी नगरपालिका, शाळा आणि आपली संस्था यांचा लेखी करार करू. त्यात लिहायचं, की मैदानावर दोन पाळ्यांत माणूस असेल, त्याचा पगार बँकेत ठरलेल्या तारखेला होईल, आणि त्याला पगाराची चिठ्ठी व निधीचा खातं क्रमांक मिळेल. हे नगरपालिकेला जड आहे का? समजा महिना १५ हजार धरला, तर निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये, आणि राज्य विम्याचा सव्वातीन टक्के, म्हणजे सुमारे ४९० रुपये. एका माणसाचे वर्षाचे सव्वादोन लाखांच्या आत. दोन पाळ्यांचे साडेचार लाख.

तिसरी. हे साडेचार लाख कुठून? मैदानाचं भाडं सर्वसाधारण फंडात जातं. ते मैदानाच्याच लेखाशीर्षाखाली जमा करावं आणि आधी मैदानाच्या माणसांना द्यावं, अशी मागणी करू. ते पुरेल की नाही, हे भाड्याचे आकडे हातात आल्यावर कळेल. ते माहितीच्या अधिकारात मागू.

चौथी गोष्ट वेळेची. नगरपालिकेचं नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच चालू असते. म्हणून अर्ज जानेवारीतच द्यायचा. एरवी आपण नगरसेवकाला गाठलं असतं, त्याने सभेत विषय मांडला असता, सूचक-अनुमोदक झाले असते, इतिवृत्तात नोंद झाली असती. पण आपल्या नगरपालिकांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या. मुदत संपून तीन वर्षं झाली, तिथे प्रशासक आहेत. विषय मांडणारे तेच, अनुमोदन देणारे तेच, मंजूर करणारेही तेच. त्यामुळे एक सोय अशी आहे, की आपल्याला एकाच टेबलावर जायचंय. आणि अडचण अशी, की त्या टेबलावरचे साहेब बदलून जातात. म्हणून पोच घेतलेला अर्ज आणि सही झालेला करार हवा. तोंडी ‘बघतो’ चालणार नाही. निवडणुका झाल्या, की पहिल्या काही सभांमध्येच हा विषय परत ठेवायचा. गावात राहणाऱ्यांनी पाठपुरावा करायचा, बाहेर असलेल्यांनी कागद तयार करून द्यायचे. कागदांचं काम मी घेते. आकड्यांचा तक्ता आणि अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, जेवताना बघून घ्या.

सर, तुम्ही आम्हाला रांगेत उभं करून सांगायचात, की खेळून झालं की साहित्य मोजून जागेवर ठेवायचं, मगच पाणी प्यायला जायचं. बाई, तुम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला नगरपालिकेची कामं पाठ करून घ्यायचात आणि आम्हाला तो धडा कंटाळवाणा वाटायचा. दोन्ही गोष्टी आज कामाला आल्या.

मामांना आपण शाल-श्रीफळ दिलं, ते योग्यच केलं. मामांना ते शोभलं, कारण त्यांचा पगार आणि पेन्शन त्यांना आधीच मिळालेली आहे. सत्कार त्याच्यावरची साय आहे. आत्ता मैदानावर जो उभा आहे, त्याला वीस-पंचवीस वर्षांनी आपण, किंवा आपल्यानंतरची एखादी तुकडी, शाल देईलही. तोवर त्याला दर महिन्याच्या सात तारखेला पगार मिळावा, यासाठी जेवणानंतरच्या बैठकीत हात वर करा, एवढंच मागते.

बैठक तीन वाजता ग्रंथालयात आहे. स्पर्धेचा शेवटचा सामना पाच वाजता संपेल असं त्याने सांगितलंय. त्यानंतर आपल्यातले दोघे-तिघे जाऊन त्याला निर्णय सांगू या.